थंड इंजिनाची पूजा

उदयसिंग आणि रामीबाई यांना तीनचाकी घ्यायची होती, ती हौसेसाठी नव्हे. जऊळक्याजवळच्या त्यांच्या तांड्यावरून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक निघतो. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. यंदा त्यांची मुलगी अंजू दहावीत होती. आईवडील गेले तर तिला एक तर फडावर न्यायचे, नाही तर शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवायचे. दोन्ही प्रकारांत दहावीचे काय होते, हे तांड्याने याआधी पाहिलेले होते. ट्रक गुरुवारी येणार होता. त्याआधी धड चालणारी जुनी गाडी मिळाली, तर जऊळक्याचे रेल्वे स्टेशन आणि आसपासच्या वस्त्या यांच्यामध्ये प्रवासी वाहून हिवाळा घरीच काढता आला असता.

उदयसिंगला गाडी चालवता येत होती आणि त्याच्याकडे परवानाही होता. मी वाशीमला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, आणि त्याचा धाकटा भाऊ माझा विद्यार्थी होता. एवढ्या आधारावर त्याने मला सोबत घेतले. यंत्रदुरुस्ती हा माझा विषय नाही, हे मी आधीच स्पष्ट केले.

तो म्हणाला, “सर, गाडी आमाले समजते. गाडीवाला समजत नाई.”

प्रथम इंधनाचा प्रश्न होता. त्याची पसंती सीएनजीला होती, कारण वाशीमच्या स्टँडवरचे सगळे ऑटोवाले तेच सांगतात. स्टँडवरच्या माणसाच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण गॅसची किफायत पंपाच्या अंतरावर अवलंबून असते. तांड्यावरून वाशीमपर्यंत रिकामी गाडी न्यायची, रांगेत उभे राहायचे आणि परत यायचे, हे सगळे हिशेबात धरले की ती किफायत वाटेतच संपते. विजेची गाडी स्वच्छ आणि शांत असते. मात्र वापरलेल्या बॅटरीत किती जीव उरला आहे हे बाहेरून पाहून सांगता येत नाही, आणि तांड्यावरची वीज स्वतःच्या वेळापत्रकाने येते. पेट्रोलची गाडी सहज सुरू होते, पण भरलेल्या अवस्थेत चढावर फार पिते. राहिले डिझेल. ते जवळच्या पंपावर मिळते, आणि इंजिन कमी वेगाने फिरत असतानाही ओझे ओढते. आवाज आणि धूर ही त्याची किंमत.

“म्हंजे काळा धूर खायचा,” रामीबाई म्हणाली.

“काळा असला तर दुरुस्त होतो,” मी म्हणालो. “निळा असला तर गाडी घ्यायची नाही. निळा म्हणजे आतले ऑइल जळते आहे.”

“आन पांढरा?”

“थंड इंजिनात थोडा चालतो. गरम झाल्यावर तो गेला पाहिजे.”

तिने धुराचे तिन्ही रंग आणि त्यांचे अर्थ एकदा मोठ्याने म्हणून घेतले. माझ्या वर्गात हे क्वचित घडते.

रिसोड तालुक्यातल्या रिठदला जगदेव नावाच्या शेतकऱ्याची डिझेलची तीनचाकी विकाऊ होती. आम्ही शनिवारी सकाळी पोहोचलो. घर चढावरच्या गल्लीत, आणि गाडी दारासमोर, तोंड उताराकडे करून उभी. हँडलला ताजे हळदकुंकू, समोरच्या काचेखाली उदबत्तीची राख. कागदपत्रे ठीक होती. फिटनेस आणि विमा दोन्ही चालू. टायरही बरे होते. मी इंजिनाच्या झाकणाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. ते गरम होते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या उष्णतेवर इंधन पेटते. दट्ट्याभोवतीच्या रिंगा झिजल्या असतील तर दाबलेली हवा निसटते आणि पुरेशी तापत नाही. गरम इंजिनात हा दोष झाकला जातो. थंड इंजिन तो लपवू शकत नाही. म्हणून ग्राहक येण्याआधी गाडी तापवून ठेवलेली असली, तर मी त्याचा एकच अर्थ लावतो.

“सकाळी कुठे जाऊन आलात का?” मी विचारले.

“नाई. पूजा केली,” जगदेव म्हणाला.

“पूजेला इंजिन लागतं?”

“लक्ष्मी हाये मास्तर. तिले रोज जागी कराव लागते. उदबत्ती लावतो, सुरू करतो, जराशी चालू ठेवतो. मंग दिवसभर उभी राह्यली तरी चालते.”

“विकता कशासाठी?”

“गुडघा. आता धकत नाई.”

मी गुडघ्याचा संबंध ब्रेकच्या पायपट्टीशी लावला आणि पुढे गेलो. बटण दाबताच गाडी सुरू झाली. गरम गाडी होणारच. रविवारी आम्ही न कळवता, आणखी लवकर गेलो. राख ताजी, इंजिन गरम, आणि जगदेव आमच्यासाठी चहा सांगत होता.

मी त्याला विनंती केली की सोमवारी पूजा आमच्यानंतर करावी. त्याने मान हलवली, पण होकारार्थी नव्हे.

“मास्तर, तुमी गाडी पाहाले आले का माहा जबाब घ्याले?”

“मला थंड इंजिन पाहायचं आहे.”

“मले बी रोज पाहाव लागते. पाहाले मी कोनाले नाई म्हनलं? पन पूजा मांगं-पुढं होनार नाई.”

परतीच्या वाटेवर माझ्या गाडीत मी उदयसिंगला माझा निष्कर्ष सांगितला: हा माणूस दोष झाकतो आहे, आणि झाकण्यासाठी त्याने असे कारण शोधले आहे की ज्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मागे बसलेल्या रामीबाईने विचारले, “सर, पूजेच्या आंदी गाडी थंडीच असन ना?”

“असणारच.”

“मंग पूजेलेच जाऊ. पूजा पाहाले कोन नाई म्हनते?”

मी ज्या विधीला प्रयोगातला अडथळा समजत होतो, तो विधी हाच रोज होणारा प्रयोग होता. फक्त निरीक्षक उशिरा येत होते. हे मला सुचायला हवे होते.

सोमवारी उजाडता उजाडता आम्ही रिठदच्या गल्लीत होतो. हवेत गारठा होता. इंजिनाचे झाकण पहाटेच्या लोखंडासारखे थंड होते. आम्हाला पाहून जगदेवला आश्चर्य वाटले नाही. उलट रामीबाईच्या हातात नारळ पाहून तो खूश झाला. त्याने कुंकू लावले, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. मग तो आत बसला नाही. त्याने पुढच्या चाकाला लावलेला दगड पायाने बाजूला सारला, गाडीला खांदा दिला आणि लंगडत तिला उतारावर ढकलली. वेग आल्यावर उडी मारून बसला, गिअर टाकला. गाडीने धक्का खाल्ला, पुन्हा खाल्ला, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली.

वळण घेऊन तो चढ चढून परत आला. “झाली जागी,” तो म्हणाला.

“बटणाने का नाही?”

“सकाळी बटनानं होत नाई. थंडी असली का ते नुसतं कन्हते. एकदा तापली का मंग दिवसभर बटन.” त्याने गुडघ्यावर हात ठेवला. “म्हनूनच तं इकून राह्यलो. ढकलाले कोन हाये आता?”

“हे आधी का सांगितलं नाहीत?”

“तुमी इचारलं, काहून इकता. मी म्हनलं, गुडघा. तुमी मंग टायर पाहाले लागले.”

उदयसिंगने तोंड फिरवले. तो हसत असावा.

मी ऑइल भरायचे झाकण काढले. चालू इंजिनातून त्या भोकावाटे वाफ येत होती. झोत नव्हता, पण काहीच नाही असेही नव्हते. म्हणजे रिंगा झिजल्या होत्या, निकामी झाल्या नव्हत्या. पांढरा धूर हळूहळू विरळ झाला. निळा दिसला नाही. आम्ही सगळे आत बसलो आणि जगदेवने भरलेली गाडी पुन्हा चढावर नेली. तिने तक्रार केली, पण थांबली नाही.

गाडी बंद करून उदयसिंगने विचारले, “सर, चांगली हाये का?”

“चांगली नाही. इंजिन आज ना उद्या खोलावं लागेल.”

त्याचा चेहरा उतरला. गुरुवार जवळ आला होता आणि दुसरी गाडी पाहिलेली नव्हती. नको म्हणणे माझ्यासाठी सोपे होते. नाकारलेल्या गाडीचे पुढे काय झाले, हे सल्लागाराला कोणी विचारत नाही.

रामीबाई गाडीभोवती एक फेरी मारून आली. “चांगली नाई, हे समजलं,” ती म्हणाली. “मार्चपावतर चालन का, ते सांगा. अंजूची परीक्षा होयेपावतर.”

हा वेगळा प्रश्न होता, आणि पहिल्यापेक्षा अचूक. मी तो नीट तपासला. अवघड वेळ फक्त पहाटेची. दिवसभर फेऱ्या असल्या तर इंजिन थंड होणार नाही, त्यामुळे स्टेशनच्या सपाट आवारात बटण काम देईल. थंडी जानेवारीनंतर कमी होत जाते. राहता राहिली रोजची पहिली सुरुवात.

“तुमच्या घरासमोर उतार आहे?” मी विचारले.

“सर, तांडा हाये,” उदयसिंग म्हणाला. “आमच्याकडं सपाट काय हाये, ते इचारा.”

“मग मार्चपर्यंत चालेल असं म्हणायला माझ्याकडे आधार आहे. पुढच्या हिवाळ्याबद्दल नाही. ऑइल वेळेवर बदला, आणि वाफेचा झोत वाढला तर मला कळवा.”

रामीबाईने नवऱ्याकडे पाहून गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काहीतरी विचारले. त्याने मान डोलावली. भाव त्यांनी आणि जगदेवने आपसांत ठरवला. बुधवारी गाडी त्यांच्या हवाली करताना जगदेवने चाकाखालचा तो कुंकू लागलेला दगड उचलून मागच्या सीटखाली ठेवला. तांड्यावर दगडांची टंचाई नव्हती, पण उदयसिंगने तो तसाच राहू दिला.

त्याच दिवशी त्यांनी नोंदणी बदलण्याचा अर्ज दिला आणि संध्याकाळी गाडी तांड्यावर आणली. गुरुवारी तिथली पहिली सुरुवात पाहायला मी तांड्यावर गेलो, कारण अंदाज वर्तवणाऱ्याने निदान पहिले वाचन तरी स्वतः घ्यावे. ऊसतोडीचा ट्रक खाली डांबरी रस्त्यावर उभा होता. बाजा, भांडी, शेळ्या चढत होत्या. मुकादम चढ चढून त्यांच्या दारापर्यंत आला. अंजूने उदबत्ती ओवाळली आणि दप्तर घेऊन मागे बसली. उदयसिंग हँडलवर होता. रामीबाईचा पाय दगडावर होता.

“रामीबाई, कोयता निघाला का तुमचा?” मुकादमाने विचारले.

“यंदा नाई. पोरीची दहावी हाये. मार्चनंतर या.”

“मार्चात कारखाना बंद होते, बाई.”

“म्हनूनच म्हनलं,” ती म्हणाली, आणि तिने दगड बाजूला सारून गाडीला खांदा दिला.

गाडी पहिल्या धक्क्याला सुरू झाली नाही. दुसऱ्यालाही नाही. ट्रकजवळची माणसे हातातले सामान धरून वर पाहत राहिली. उतार संपण्याआधी पांढरा धूर निघाला आणि इंजिन धडधडू लागले. मी तो धूर विरळ होईपर्यंत पाहिला.