रंगाखाली गेलेला माझा नंबर

हो, मीच बोलतेय, गाडी. इकडेतिकडे बघू नका, आत कोणी बसलेलं नाही. बॉनेटही उघडायला नको, आहात तिथूनच ऐका. माणसं माझ्यात बसून तासन्‌तास बोलतात, भांडतात, रुसतात, बेसूर गातात आणि मी आपली गप्प. आज माझी पाळी.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारख्याच कितीतरी बहिणी एका रांगेत उभ्या, सगळ्यांचा रंग एकच. कंपनीने त्या रंगाला काहीतरी भारी नाव दिलं होतं, पण खरं सांगू? स्टीलच्या डब्याचा असतो तोच. आम्हाला वेगळं ओळखायचं ते एका खुणेवरून. बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर नंबर ठोकतात. चॅसी नंबर म्हणतात त्याला. तो नंबर म्हणजे मी, बाकी सगळं सुटे भाग. पाटी बदलता येते, टायर बदलता येतात, तो नंबर बदलत नाही.

माझे पहिले मालक चित्रकला शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. फार मायेचा माणूस. गाडीत बसायच्या आधी काच पुसणार, मग बसणार आणि मलाच विचारणार, "काय, निघायचं का?" मी नाही म्हटलं असतं तर ते खरंच घरी परत गेले असते. फक्त एक खोड होती त्यांना. गंजाची भीती! दरवर्षी सुट्टी लागली की अंगावर जुना सदरा चढवून, हातात कुंचला घेऊन ते माझ्या खाली शिरायचे. शाळेच्या नाटकांचे पडदे रंगवून उरलेला रंग असायचा, तो माझ्या पोटाला, बॉनेटच्या आत, जिथे म्हणून पत्रा दिसेल तिथे फासायचे. अशा गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू! एका वर्षी हिरवा, एका वर्षी आकाशी, एकदा तर चक्क जांभळा. वरून मी शहाण्यासारखी डब्याच्या रंगाची आणि आतून नुसती जत्रा.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली. एकदा त्यांनी मला फाटकाच्या खांबावर घातलं, एकदा कचऱ्याच्या डब्यावर, आणि मग त्यांनी स्वतःच चावी खिळ्याला अडकवून ठेवली. माझ्यावर कापड पडलं. कापडाखाली एक मांजर बाळंत झाली, तेवढाच काय तो विरंगुळा. बॅटरी उतरली, टायर बसले. रोज संध्याकाळी मास्तर यायचे, कापडावरूनच हात फिरवायचे आणि परत जायचे. मला फार वाईट वाटायचं. शेवटी एक दिवस त्यांनी नवी बॅटरी बसवून घेतली, टायरांत हवा भरली आणि जाहिरात दिली.

मग सुरू झाली बघायला येणाऱ्यांची वर्दळ. अहो, जुनी गाडी घ्यायला आलेल्या माणसाला टायरला लाथ का मारावीशी वाटते, हे मला आजवर कळलेलं नाही. लाथ मारून कळतं तरी काय? एक गृहस्थ दारावर टिचक्या मारून कलिंगडासारखं ऐकत बसले. एकाने हॉर्न वाजवला, नाक मुरडलं आणि "विचार करून सांगतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

आणि मग ताई आल्या.

ताईंचं केस कापायचं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण आता नव्हतं. नवरा गेल्यावर त्यांच्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, दुकान स्वतःच्या नावावर करून घेतलं. लुबाडायला नव्हे हो. "कर, वीज, पाणी, सगळं एका हाताखाली बरं पडतं वहिनी, नावात काय ठेवलंय!" असं त्यांचं म्हणणं. मग एक दिवस चांगलं भाडं देणारा मोबाइलवाला भेटला आणि भाऊजींनी दुकान त्याला देऊन टाकलं. ताईंना न विचारता. कळलं तेव्हा तो दारावरची पाटी उतरवत होता. भाऊजी मनाने वाईट नाहीत, पण विचारायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात येत नाही.

ताईंनी मग ठरवलं, गाडी घ्यायची आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना जिने उतरवत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन केस कापायचे. गाठीला होतं नव्हतं ते घेऊन त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी लाथ मारली नाही. आत बसल्या, आरसा स्वतःच्या उंचीला लावला आणि म्हणाल्या, "ही चालेल." बाई गं, मी त्या क्षणीच त्यांची झाले.

पण सोबत भाऊजी होतेच! "गाडी माझ्या नावावर घेऊ या. इतकी वर्षं मी विमा कंपनीकडे एकदाही नुकसानीचे पैसे मागितले नाहीत, म्हणून माझ्या नावावर विमा स्वस्तात बसतो. चालवायची तुम्हीच."

 ताईंच्या हाताची पकड माझ्या स्टिअरिंगवर घट्ट झाली, ती फक्त मला कळली. "बघू," एवढंच त्या म्हणाल्या. आणि त्यांचं 'बघू' म्हणजे भाऊजींच्या लेखी 'हो'.  जे दुकानाचं झालं, तेच उद्या माझं होणार आणि या बाईच्या हातात राहणार नुसती कात्री.

नोंदणीच्या कचेरीत भाऊजींनीच मला चालवत नेलं. अर्ज त्यांनी घरूनच भरून आणला होता, स्वतःच्या नावाने. फक्त साहेबांसमोर सही करायची राहिली होती. ताई मागच्या सीटवर कामाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. कचेरीच्या आवारात आमच्यासारख्याच गाड्यांची रांग. साहेब एकेकीचं बॉनेट उघडायचे, चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायचे, कागदावर उमटलेला नंबर गाडीच्या नोंदणीपुस्तकातल्या नंबराशी ताडून बघायचे आणि पुढे सरकायचे.

माझं बॉनेट उघडलं. साहेबांनी वाकून पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. बोट फिरवून पाहिलं.

"नंबर कुठे गेला?"

गेला कुठे, तिथेच होता! मास्तरांच्या कुंचल्याखाली, सुट्टीमागून सुट्टी चढत गेलेल्या थरांखाली. पण मला कुठे बोलता येत होतं?

"नंबर बुजवलाय," साहेब सरळ होत म्हणाले. "असं चोरीच्या गाडीत करतात. गाडी इथेच राहील. आणि ज्याच्या नावाने अर्ज आहे, त्याची चौकशी होईल. अर्ज कोणाचा?"

भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला अर्ज एवढा मोठा, पण तो खिशात कधी गेला ते मलासुद्धा दिसलं नाही. "छे छे साहेब, माझा काय संबंध! गाडी वहिनींची आहे. त्यांनीच पसंत केली, त्यांचेच पैसे. मी नुसता सोबत आलोय."

अख्खं आवार ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाले हो! वर माझी चावीही खिडकीतून ताईंच्या हातात कोंबली. ताई पिशवी घेऊन खाली उतरल्या. चेहरा पांढराफटक पडला होता, घाबरल्या होत्याच त्या. पण साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हो. माझीच आहे. आणि चोरीची नाही. मला थोडा वेळ द्या."

त्यांनी मास्तरांना फोन लावला. मास्तर टॅक्सी करून आले ते धापा टाकतच. हातात टर्पेंटाइनची बाटली आणि रंग खरवडायची पातळ सुरी. "अरे देवा! मी गंज लागू नये म्हणून... नंबराचं माझ्या लक्षातच नाही आलं!" बिचारे रडकुंडीला आले. सुरी लावायला वाकले, पण दिसत कुठे होतं त्यांना? सुरी भलतीकडेच.

"द्या इकडे मास्तर. तुम्ही फक्त सांगा, कसं धरायचं," ताई म्हणाल्या. आणि पिशवीतून त्यांनी केस वाळवायचं मशीन काढलं! समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून वायर ओढली, मशीन गरम वाऱ्यावर लावलं आणि माझ्या पत्र्यावर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मला पार्लरात गेल्यासारखं वाटलं. रंग मऊ झाला. सुरीखाली आधी हिरवा सुटला, मग आकाशी, मग तो जांभळा. रांगेतली माणसं आपापल्या गाड्या सोडून भोवती जमली. "सावकाश हं, पत्रा खरवडू नका," मास्तर सांगत होते. ताईंचा हात असला हलका की विचारू नका. कोणाच्या कानामागचे केस काढावेत तसा रंग काढत होत्या.

आणि मग पहिला आकडा दिसला. मग दुसरा. साहेब स्वतः कागद घेऊन वाकले, पेन्सिल घासली आणि पुस्तकाशी ताडून पाहिलं. "जुळतोय," ते म्हणाले आणि हसले. मास्तरांनी डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला.

भाऊजींचाही पडला असावा, कारण अर्ज खिशातून हळूच बाहेर यायला लागला. "चला, झालं एकदाचं. साहेब, सही कुठे करू?"

"तुम्ही?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "तुमचा तर संबंध नव्हता ना!"

सगळे हसले. भाऊजीही हसले, पण कान लाल झाले. ताईंनी खिडकीवरून नवा कोरा अर्ज आणला, माझ्या बॉनेटवर ठेवून भरला आणि सही केली. पेनाचा तो दाब मला अजून आठवतो.

आवारातच विमेवाल्या बाईंचं टेबल होतं. त्यांनी समजावलं की मास्तरांच्या नावाचा विमा आता चालायचा नाही, मालक बदलला की विमाही नव्या मालकाच्या नावाने हवा. पैसे थोडे जास्त पडले, ताईंनी भरले. "गाडी आणखी कोण चालवणार?" बाईंनी विचारलं. भाऊजी घसा खाकरून पुढे सरकले. "मी एकटीच," ताई म्हणाल्या.

आता माझं बरं चाललंय. सीटवर नेहमी कोणाचे ना कोणाचे पांढरे केस सापडतात, डिकीत आरसा आणि घडीची खुर्ची असते. चढावर धाप लागते, वय झालंच की. पण मी खुशीत आहे. तुम्ही जुनी गाडी घ्यायला गेलात तर एवढं ऐका माझं. लाथ मारू नका, वाकून नंबर बघा आणि कागदावर चालवणाऱ्याचं नाव घाला. मास्तरांसारखे मालक असाल तर रंग जरूर द्या, फक्त तेवढी जागा सोडा.

हां, पण त्या दिवशीचं शेवटचं सांगायचं राहिलंच. विम्याचे कागद झाले, मास्तरांना ताईंनी मागे बसवलं. भाऊजी सवयीने माझ्या ड्रायव्हरच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. "आणा चावी."

ताईंनी त्या हाताकडे पाहिलं. भांडणाचा सूर नव्हता त्यांचा.

"भाऊजी, दुकानाची चावी तुम्ही अशीच मागितली होती. मी दिली होती."

भाऊजींचा हात तसाच राहिला, मग हळूच खाली गेला.  माझ्या पुढून वळसा घालून ते दुसऱ्या बाजूला गेले आणि दाराच्या मुठीला हात लावायच्या आधी थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "मी येऊ का तुमच्या गाडीतून?"

"या की," ताई म्हणाल्या आणि त्यांनी मला सुरू केलं.