सुपलीनं टाकलेले दाणे

मी एक जुनी सुपली आहे, मित्रांनो, आणि कोणावर पटकन भरवसा ठेवणं माझ्या स्वभावात नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात एका बुरडानं मला विणलं. जनकाबाईनं मला उलटंसुलटं केलं, उन्हाकडं धरलं आणि नसलेली तीन भोकं दाखवून भाव पाडला. विकणाऱ्यावर विश्वास ठेवील ती जनकाबाई कसली! घरी आणून तिनं मला मेथ्या आणि कागदाच्या लगद्यानं सारवलं. तेव्हापासून आम्हा दोघींचं एकच काम. घरात जे जे येतं त्यात खडा असणारच, तो हुडकायचा.

ज्वारी, तूर, मूग, सगळं माझ्यातून गेलं. भाताचं मात्र फार कौतुक नव्हतं. आमच्याकडं माणूस भाकरीवर मोठा होतो. भात पाहुण्यारावळ्यांसाठी, नाही तर पोट बिघडल्यावर. पण रेशनला तांदूळ मिळू लागला आणि तो रोजच ताटात येऊन बसला.

मग एका महिन्यात त्या तांदळात वेगळेच दाणे दिसले. जरा पिवळट, एका साच्यातून काढल्यासारखे. पाण्यात टाकले तर तरंगले.

"प्लास्टिक हाय हे," जनकाबाई म्हणाली.

"अगं, तांदळापरीस प्लास्टिक महाग," तिचा नवरा किशनराव म्हणाला. "ते फुकट काहून वाटतील?"

"तुमी गप बसा. तुमाला बाजारात कोणी बी टोपी घालतं."

मलाही तिचंच पटलं. रोज ते दाणे वेचायचे आणि अंगणात फेकायचे. कोंबड्या ते मिटक्या मारत खायच्या, तरी आम्हा शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला नाही. वर तांदूळ चार पाण्यांनी धुवायचा आणि भाताची पेज गटारीत ओतायची. गल्लीभर जनकाबाईनं सांगून ठेवलं, दाणे वेचल्याशिवाय भात शिजवू नका.

तिची नात दीक्षा नववीत होती. कबड्डीत तिला धरणं अवघड. कळमनुरीच्या सामन्यांसाठी तिची निवड झाली आणि आठवडाभरात मैदानातच ती चक्कर येऊन पडली. दवाखान्यात तपासलं तर रक्त आठ. कबड्डीचे सर म्हणाले, "सामन्यांना दोन महिने आहेत. अकरा झालं तरच खेळायचं."

रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन गावची आशा सेविका आकांक्षा घरी आली, तेव्हा जनकाबाई मला मांडीवर घेऊन बसली होती.

"आजी, काय करून राहिल्या?"

"विष वेचून राहिले. तुला बी पायजे का मूठभर?"

आकांक्षानं एक दाणा उचलला. "आजी, ह्यो तांदळाच्या पिठाचाच हाय. रक्त वाढावं म्हणून ह्यात लोह घातलंय. शंभरात एक मिसळतात. तुमी नेमका तोच टाकून राहिल्या."

"तुला पैसे कोण देतं? सरकारच ना? मंग तू दुसरं काय बोलणार!"

आकांक्षानं तो दाणा तोंडात टाकून चावून खाल्ला.

"उद्या जिती दिसलीस तर बघू," जनकाबाई म्हणाली.

पण ती गेल्यावर जनकाबाईनं तवा तापवला आणि चार दाणे टाकले. मी टक लावून बघत होते. आता वितळतील, आता चिकटतील! दाणे तांबूस झाले, करपले. घरभर करपल्या भाकरीचा वास सुटला.

जनकाबाईनं तवा खाली उतरवला. मग नवऱ्याला म्हणाली, "किती महिने झाले हो हे दाणे येऊन?"

"सात."

तिनं खाटेवर झोपलेल्या दीक्षाकडं पाहिलं आणि मान वळवली. लाजेनं मी तर चुलीत जायला तयार होते. फोल उडवून कस राखते म्हणून मिरवणारी मी, कसच उडवत बसले.

दुसऱ्या दिवसापासून वेचणं बंद. तांदूळ हलक्या हातानं धुवायचा, पाणी बेतानं, पेज भातातच जिरवायची. दीक्षा म्हणाली, "आजी, मंग दोन टाईम भातच दे की!"

"एकट्या भातानं रक्त न्हाई भरत, आकांक्षा म्हणली. वरण घे, तांदुळज्याची भाजी घे, लिंबू पिळ. भाकरी बी सोडायची न्हाई. अन् गोळी कुठंय?"

दोन महिन्यांनी रक्त दहावर आलं. अकरा झालं नाही. जीप बाकीच्या पोरींना घेऊन कळमनुरीला गेली आणि दीक्षा दारात उभी राहून धूळ बघत राहिली.

जनकाबाई मला काखोटीला मारून तडक शेजारच्या रुख्मिणीबाईकडं गेली. ती दाणे वेचून वाटीत टाकत होती.

"येडी झालीस का? टाकू नको ते!"

"तूच तर सांगितलंस प्लास्टिक हाय म्हणून!"

"सांगितलं. चुकले मी." हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. "माझ्या नातीचं मैदान हुकलं. तुझी सून पोटुशी हाय. आण ती वाटी इकडं."

आणि वाटीतले दाणे तिनं आपल्या हातानं तांदळात मिसळले.

मित्रांनो, शंका घेऊ नका असं मी कशी सांगू? सुपली आहे मी. पण शंका आली की दाणा फेकण्याआधी जाणत्याला विचारा, तव्यावर टाकून बघा. पारखायला घडीभर लागते. लेकराचं रक्त भरायला महिने जातात.