चाफ्याला केळीचं खत

पानाची कड तांबूस झाली होती — कालपेक्षा बोटभर आत सरकलेली — आणि हेमांगीने ते पान तोडलं नाही, नुसती चिमटीत धरून उभी राहिली. सकाळचे साडेआठ वाजले होते, पण एरंडोलच्या बाजूने येणारा वारा आत्ताच भाजत होता.

तीन उन्हाळे काढले होते तिने या सोनचाफ्यासाठी. धुळ्याहून, माहेरून, एसटीत मांडीवर धरून आणलेलं कलम. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, म्हणून मुरूम आणून खड्डा भरला. दुपारची झळ नको म्हणून जुन्या लुगड्याची सावली बांधली. पाणी मोजकं, सकाळी एक तांब्या... आणि यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या होत्या.

भाचीच्या लग्नाला चार दिवस माहेरी काय गेली, नवऱ्याने, प्रेमराजने, मळ्यातल्या केळीच्या ठिबकची नळी अंगणापर्यंत ओढली. चार दिवस सतत पाणी, आणि पाण्यातून युरिया, पोटॅश. या लोकांना जीव लावणं म्हणजे एवढंच ठाऊक — घड मोठा हवा, द्या पाणी. पाहुणा आला, ओता आणखी तूप... समोरच्याला सोसतं का, हे विचारायची पद्धतच नाही.

“केळीले देस तेच चाफाले दिधं,” काल तो म्हणाला होता, खरोखर हिरमुसून. “त्यामा वाईट काय शे?”

वाईट काहीच नाही, तेच तर. दारू प्यायला असता, हात उगारला असता, तर भांडता आलं असतं. लग्नानंतर तिचा बी.एड.चा प्रवेश त्याने परस्पर रद्द केला, तोही तिला जाण्यायेण्याचा त्रास नको म्हणून! तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर गावाने म्हणायचं, नशीब काढलंस बाई.

ओट्यावर डाळ निवडत बसलेली सासू, ताईबाई, मान वर न करता म्हणाली, “तुनासाठेच करं ना त्यानी. इतला राग बरा नही.”

“राग नाही,” हेमांगी म्हणाली.

खोटं. गळालेल्या कळ्या तिने कागदात बांधून ठेवल्या होत्या... कोणाला दाखवणार आहे मी? वाळू दे, पार वाळू दे हे झाड. अंगणात काडी उभी राहील, येता-जाता रोज त्याला दिसेल, आणि एकदा, आयुष्यात एकदा तरी तो म्हणेल, चुकलं माझं.

तिने वाकून नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं. हायसं वाटायला हवं होतं. तिने बुंध्याशी पुन्हा खरवडलं, इथे तरी तपकिरी असेल म्हणून — तिथेही हिरवंच. आपली निराशा झाली आहे, हे तिला कळलं, आणि कळल्यावरही नख थांबेना. प्रेमराज मनातून कुठल्या कुठे गेला होता. आता संताप होता तो या चाफ्याचा... एवढं सगळं मुकाट सोसलंस, मेल्या, आणि वर हिरवाच राहिलास.