केतकीचा फ्लॅट

धाकटी जाऊ केतकी उमेळ्यात फ्लॅट बघायला निघाली, तेव्हा शलाकाही सोबत गेली. ती स्वतः अजून नालासोपाऱ्यात भाड्याने राहत होती. खिडकीबाहेरची केळीची वाडी बघून तिचा नुसता जळफळाट झाला. काहीतरी खोट सापडावी म्हणून ती भिंती चाचपत फिरली. बेडरूममध्ये नव्या रंगाखाली भिंत ओलसर लागली.

"केतकी, इथे पाणी मुरतंय गं. पलीकडे बाथरूम आहे ना?" शलाका जवळजवळ आनंदाने म्हणाली.

केतकीने तो फ्लॅट सोडला आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या इमारतीत त्याहून मोठा, कोरडा ठणठणीत फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला ती येईल त्याला सांगत होती, "वहिनींमुळे वाचलो आम्ही!"

शलाका हसली खरी, पण बाल्कनी बघायला ती शेवटपर्यंत गेली नाही.