राहिलेले चार दिवस

पत्र ई-मेलने आलं. मी लातूरला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते आणि बारावीची मुलं लोलकाचा आवर्तकाल मोजत होती. पाठवणारे गृहस्थ बांगलादेशात जेसोरच्या बाजूला एका गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. आमच्या गावच्या शाळेच्या फेसबुक पानावर त्यांना एका जवानाच्या स्मृतिदिनाचा फोटो दिसला होता आणि तिथल्या रामलिंग सरांकडून त्यांनी माझा पत्ता घेतला होता.

त्यांनी लिहिलं होतं, की स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळी त्यांच्या शाळेत पाकिस्तानी सैन्याचा तळ होता. जाताना सैन्याने मैदानात सुरुंग पेरून ठेवले. ते काढायला भारतीय सैन्यातला सटवाजी नावाचा सॅपर आला. त्याने सतरा सुरुंग काढले. अठराव्याने तो गेला. २० डिसेंबर १९७१, दुपारी तीनच्या सुमारास. जानेवारीत शाळा उघडली. तेव्हापासून दर वीस डिसेंबरला मुलं मैदानात उभी राहून त्याचं नाव घेतात. आता तिथे नावाचा दगड बसवायचा आहे. कुटुंबाकडून एक फोटो आणि एक ओळ मिळेल का?

सटवाजी माझे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझा जन्म मे १९७२ चा.

पत्र वाचून काही वाटायला हवं होतं. मी एका मुलाला सांगितलं, की वीस आंदोलनं मोज, दहा पुरणार नाहीत. मग परत येऊन पत्रातली तारीख पाहिली.

आमच्या गावात, हदगाव तालुक्यात, शाळेच्या फाटकाशी वडिलांच्या नावाचा दगड आहे. त्यावर १६ डिसेंबर कोरलंय. तार जानेवारीत आली होती आणि तिच्यात तारीख नव्हती. लढाई सोळाला संपली, म्हणजे माणूस उशिरात उशिरा सोळाला गेला असणार, असं गावाने धरलं. पेन्शनचे कागद काकांच्या पेटीत होते, इंग्रजीत. काका वारले, पेटी तशीच राहिली. मी चुलतभावाला, दयानंदला फोन केला. तासाभरात त्याने कागदाचा फोटो पाठवला. त्यावरही वीसच होती. मी मुलांना प्रत्येक वाचन तीनदा घ्यायला लावते. ही तारीख आयुष्यात मी एकदाही तपासली नव्हती.

चार दिवसांच्या फरकाने दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं नसतं. पण माझ्या आईचं, केवळाबाईचं, आयुष्य त्या तारखेवर उभं होतं.

लढाई सुरू झाली तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि मी पोटात होते. तिने माहूरच्या रेणुकेला नवस बोलला, लढाई सुटेपर्यंत एक वेळ जेवीन, पायात वहाण घालणार नाही, माझ्या माणसाला सांभाळ. सोळाच्या संध्याकाळी पाटलाच्या रेडिओवर लढाई संपल्याचं कळलं. सतराला सासूने पुरण घातलं, आणि आई वहाणा घालून दोन्ही वेळ जेवली. पुढे तार आली. पण दर सोळा डिसेंबरला ती मला सांगायची, "जे व्हायचं ते झालं दीपे, पर माह्याकडून कमी पडलं न्हाई. मी शेवटच्या दिसापस्तोर पाळलं."

पंधराला मी नांदेडला बस बदलून गावी गेले. पिशवीत पत्राची दोन मराठी भाषांतरं होती, एक तारखेसह, एक तारखेविना. रामलिंग सर फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते.

"मॅडम, उद्या शाळेतल्या कार्यक्रमात पत्र तुम्हीच वाचायचं. सरपंच येऊन राहिलेत, हदगावचे पत्रकार येऊन राहिलेत. दुसऱ्या देशातून मान आलाय, साधी गोष्ट हाय का?"

मी त्यांना तारखेचं सांगितलं.

"सोडून द्या की ती ओळ. दगडावर सोळा, पत्रात वीस, लोक माह्यालाच इचारतील. आन् माय काय म्हणंल?"

"तेच बघतेय," मी म्हणाले.

घरी आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळली बाई तू. लातुरात पीठ मिळत न्हाई का?" मग चहा झाला. मग ती म्हणाली, "फोनवर म्हनलीस ते पत्र वाच."

मी तारखेविना असलेलं वाचलं. तळ, सुरुंग, सतरा, अठरावा, मुलं, नाव. आवाज नीट राहिला. आईचे हात चालूच होते. वाचून झाल्यावर तिने चार-पाच शेंगा सोलल्या.

"कदी?"

"काय कधी?"

"हे सुरुंगाचं. ते लोक पळून गेल्यावर काढले ना? लढाई चालू असताना शाळंच्या मैदानातले सुरुंग काढत कोन बसतंय?"

मी तारीख काढली होती, पण घटनांचा क्रम तसाच ठेवला होता. माझ्या विद्यार्थ्याने हे केलं असतं, तर मी गुण कापले असते.

"वीस डिसेंबरला," मी म्हणाले. "दुपारी तीनला. पेन्शनच्या कागदावरही तेच आहे."

आईने अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला. सतरा, अठरा, एकोणीस, वीस.

"सतराला पुरण. आठराला मावशीकडं हुरडा होता. येकोनीसचं आठवत न्हाई. वीसला कापूस येचून आले आन् दोन भाकरी खाल्ल्या. भूक लई लागायची तवा, तुह्यामुळं."

"माय, तुझ्या जेवण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"तुह्या कालेजात नसंल."

"कुठेच नाही. सुरुंगावर पाय पडला, की सुरुंग फुटतो. तू इथे काय खाल्लंस, ते त्याला कळत नाही."

"हाव. सुरुंगाला न्हाई कळत," ती म्हणाली. "मी लढाई सुटंपस्तोर म्हनलं होतं. त्याचं काम सुटलंच नव्हतं."

रडली नाही. दाणे सुपात घेतले, पाखडले, आत नेऊन ठेवले. रात्री आम्ही दोघी जेवलो. आमटी बरी झाली होती.

सकाळी तिने विचारलं, "आज कोनतं वाचनार?"

"तू सांगशील ते."

"खरं हाय ते वाच. आपन लपवलं तर तिकडली पोरं खोटी पडतील."

मी तारखेसह वाचलं. लहान मुलांनी सतरा सुरुंगांवर टाळ्या वाजवल्या, अठराव्याला काय करावं ते त्यांना कळलं नाही. सरपंचांनी दगडाकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि सरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. नंतर सरांनी आईला हळूच विचारलं, "माय, दगड बदलायचा का?"

"ऱ्हाऊ द्या. सोळाला त्यांचा देश सुटला. तेबी खरंच हाय."

शाळेच्या भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवून मी मोबाइलने टिपला. काचेवर माझीच सावली येत होती. काच काढून पुन्हा टिपला. त्यात ते बावीस वर्षांचे आहेत. मी एकावन्नची. या दोन आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. आत काही हललं नाही.

सतराला सकाळी आईच्या वहाणा मला धुऊन उलट्या ठेवलेल्या दिसल्या, चुलीच्या मागे. ती अनवाणी अंगण झाडत होती. त्या दिवशी ती दुपारी एकदाच जेवली. संध्याकाळी मी ताट वाढलं, तर तिने ते झाकून ठेवलं.

"माय, रात्रीची गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही."

"डाक्टरला फोन कर. चार दिस गोळी दुपारी घेतली तर चालंल का, इचार."

मी फोन केला. चालणार होतं. मग कॉलेजला फोन करून चार दिवसांची रजा घेतली. कारण विचारलं, तर घरगुती म्हणाले.

अठराला एका बाईने हुरड्याला बोलावलं, आई गेली नाही. एकोणीसला थंडी वाढली. तिच्या टाचांच्या भेगांना मी कोकम तेल लावलं, तिने लावू दिलं. वीसला पावणेतीनला ती देवघरासमोर जाऊन बसली. मी मोबाइल समोर धरून तिच्या मागे बसले. तिकडची वेळ आपल्यापुढे अर्धा तास आहे, हे मला तेव्हा आठवलं. तिथे तीन वाजून गेले होते. मी ते सांगितलं नाही. आपले तीन वाजले तेव्हा म्हणाले, "झाले."

तिने हात जोडले. मग म्हणाली, "ते मास्तर दगडासाठी येक वळ मागत होते ना? लिव्ह. खेळा म्हनावं पोरांला. मैदान साफ हाय."

मी तेवढंच लिहिलं, फोटो जोडला आणि पाठवलं.

एकवीसला सकाळी आईने वहाणा घातल्या, दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी अर्धी मोडून घेतली.

"लातूरची बस कितीला हाय तुही?" तिने विचारलं.