हरण्याचं पोट

व्यंकटीकाकाने चंद्रप्पाचा उजवा हात पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर दाबून धरला आणि जुवाच्या टोकाची, दांडक्यासारखी लाकडी शिवळ उपसली.

"काय पाजलंस? पाल्याचं नाव सांग."

चंद्रप्पाने नकारार्थी मान हलवली. पहिल्या घावात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं.

बाजूला हरण्या बैल मरून पडला होता. पाय ताठ, पोट ढोलासारखं. तो फुगला म्हणून काकानेच चंद्रप्पाला बोलावलं होतं. चंद्रप्पाने बांबूच्या नळीतून हिरवा रस पाजला, आणि रस घशाखाली उतरतो न उतरतो तोच बैल कोसळला. सहा वर्षांपूर्वी भूकंपात काकाचं घर पडलं तेव्हा हरण्या दहा दिवसांचं वासरू होता. चंद्रप्पानेच त्याला मातीखालून ओढून काढलं आणि मोडका पाय कांबींनी बांधला. काकाची बायको आणि मुलगी त्याच मातीत गेल्या. घरातलं एवढं एक वासरू उरलं होतं.

औशापासून मुरुडपर्यंतचे लोक चंद्रप्पाकडे जनावरं आणत, पण पाल्याचं नाव तो कुणाला सांगत नसे. नाव तोंडातून गेलं की देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो, असं त्या धनगराच्या घरात मानत. मी बी.एस्सी. झाल्यापासून वही घेऊन त्याच्या मागे होतो. मास्तर, आधी पास हो, असं तो म्हणायचा. झालो की, म्हटलं तर म्हणायचा, माझ्या परीक्षेत न्हाई.

मी लातूरला क्लासमध्ये शिकवत होतो आणि दसऱ्याच्या सुट्टीत गावी आलो होतो. त्या सकाळी काकाने हरण्याला बांधावर चारायला माझ्या हाती दिलं होतं. कापलेल्या ज्वारीत जाऊ देऊ नको, असं चंद्रप्पाने वाटेत बजावलंही होतं. मला पेपर तपासायचे होते. मी कासरा लांब सोडला आणि लिंबाखाली बसलो. कापलेल्या ज्वारीला पाणी कमी पडलं की तिच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड साठतं, हे मी त्याच महिन्यात साठ मुलांना शिकवलं होतं.

दुसरा घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भोवती जमलेल्या गर्दीतल्या कुणीतरी चंद्रप्पाच्या कमरेत लाथ घातली, त्याचं कपाळ डोणीवर आपटलं आणि रक्त पाण्यात पसरत गेलं. आता काकाने शिवळ डोक्यावर उगारली. मी त्याचा दंड धरला.

"पोट फाडा हरण्याचं. आत बघा."

काकाने मला झटकलं, कुऱ्हाड घेतली आणि पोटावर तीन घाव घातले. भपकन वारा सुटला. रक्त लालभडक होतं. मेलेल्या बैलाचं रक्त इतकं लाल नसतं, सायनाइडनेच ते तसं राहतं. काकाने कोपरापर्यंत हात घातला. बाहेर आले ते हिरवे फुटवे, अर्धवट चावलेले, मुठीमागून मूठ.

"ज्वारीत कुणी सोडला?"

"मी."

काकाने परत उचललेली शिवळ माझ्या तोंडावर बसली. दोन दात जिभेवर आले.

चंद्रप्पा डोणीला टेकून बसला होता. मोडका हात त्याने मांडीवर ठेवला होता आणि तो माझ्याकडे बघत होता.

"हा हात आता पाला चोळत न्हाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "उतरण हाय ती, कुंपणावरची येल. लिहून घे, मास्तर."

संक्रांतीला काकाचा दुसरा बैल ओली लसूणघास खाऊन फुगला. लोकांनी कुंपणं ओरबाडून उतरणीचे भारे आणले. रस किती द्यायचा, हे मला विचारलं. माझ्या वहीत नुसतं नाव होतं. मी चंद्रप्पाकडे पळालो. तो ओट्यावर ऊन खात बसला होता, बोटं वाकडी बसलेली. मी बोलायला लागताच तो उठला, आत गेला आणि डाव्या हाताने कडी लावली.

मी परतलो तोवर अंदाजानेच दोन तांबे रस पाजून झाला होता. बैल तोंडातून फेस टाकत खुंट्याभोवती फिरत होता. काका शिवळ घेऊन माझी वाट बघत उभा होता.