गणूशेटच्या होडीतला फ्रीज

"थंड हाय का गरम?" गणूशेटनी विचारलं.

महिपतनं फ्रीजमध्ये हात घातला, काढला, पुन्हा घातला. विठ्ठलवाडीपासून डोंबिवलीपर्यंत घराघरांतले फ्रीज चाचपलेला हात, पण आज तोही गोंधळला. काल संध्याकाळी याच कप्प्यात त्यानं स्वतः बर्फ जमलेला पाहिला होता. आता आत दूध ठेवलं असतं तर नासलं असतं.

"गरम," तो म्हणाला.

"मंग काल काय केलास?"

महिपत खाली बसला. बसणंही इथं सोपं नव्हतं, कारण कोलशेतच्या खाडीला भरती लागली होती आणि होडी हलत होती. घरातला फ्रीज निदान एका जागी उभा तरी राहतो.

गणूशेटची मिठागरं गेली, तिथं टॉवर उठले. हाती पैसा आल्यावर लोक गाडी घेतात, बंगल्याला संगमरवर लावतात. यांनी परदेशी निघालेल्या एका साहेबाची शिडाची होडी घेतली. आत छोटी केबिन, केबिनमध्ये बॅटरीवर चालणारा फ्रीज. हौस एकच. लग्न करून रंगूबाईंना होडीतून आणलं होतं, तसंच एकदा शिडावर त्यांना वसईकडे माहेरी न्यायचं. मुलाची, प्रीतमची, अट होती की आईचं इन्सुलिन थंड राहिलं पाहिजे. फ्रीज नीट चालला तरच जायचं. त्यामुळे महिपतच्या पान्या-पकडीवर अख्खी सफर अडून बसली होती.

पहिल्यांदा तो आला तेव्हा फ्रीज रिकामा, लखलखीत आणि कोमट होता. मिस्तरी येणार म्हणून रंगूबाईंनी गरम पाण्यानं धुऊन काढला होता. महिपतला याची सवय होती. डॉक्टरकडे जायचं म्हणून नवे कपडे घालावेत तसे लोक मिस्तरीसाठी फ्रीज धुतात, आणि मग दुखणं काय होतं ते कळायला मार्ग राहत नाही. काल त्यानं बॅटरीपासूनची बारीक वायर काढून जाड टाकली, मोटरची गरम हवा बाहेर पडावी म्हणून फळीला जाळी बसवली, दाराला चिकटपट्टी मारली आणि दुपारभर धक्क्यावर बसून राहिला. ही त्याची जुनी रीत होती, पट्टी मारून फ्रीजला एकटं सोडायचं. संध्याकाळी पट्टी काढली तर आत बर्फ. आणि आज पुन्हा हे.

विठ्ठलवाडीत महिपतचा दबदबा होता. वेळ लागेल, चार शिव्या खाव्या लागतील, पण "होत नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. आता हा टीचभर डबा त्याची अब्रू घ्यायला निघाला होता.

"आज मी हलत नाय इथनं," तो म्हणाला. "बसून बघतोच काय होतं ते."

"बस की. च्या पी."

त्यानं फ्रीज चालू केला, दार लावलं आणि समोर ठाण मांडलं. गणूशेट खुशीत येऊन वाट सांगायला लागले. घोडबंदरच्या पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी पाडायची. ओहोटीला डावा काठ धरायचा, कारण उजवीकडे चिखल आहे. बोलता बोलता त्यांनी फ्रीजचं दार उघडलं, हात घातला, लावलं. "थंड होतोय का बगतो." पुन्हा वाट. पुन्हा दार.

महिपतला हसू आलं. "काका, सारखं उघडू नका. थंडावा निघून जातो."

"अरे हां! मना ठाव हाय ना."

आणि चहाचा घोट घेऊन त्यांनी दार उघडलं. "थंड होतोय का बगतो. सकालपासून बगलाच नाय."

महिपतनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा करताहेत? चेहरा तर अगदी स्वच्छ होता.

"तू फ्रीजवाला ना?" गणूशेटनी आपुलकीनं विचारलं. "कवा आलास?"

चिखल कुठल्या काठाला आहे हे ज्याला पाठ, त्याला सकाळपासून समोर बसलेला माणूस आठवू नये, हे महिपतच्या डोक्यात बसेना. सवयीनं त्यानं वायरला हात लावला. वायर ठीक होती. मग तो उठून बाहेर धक्क्यावर गेला.

रंगूबाई सुकट वाळवत होत्या. त्याचं तोंड बघून त्या थांबल्या.

"कललं तुमाला."

"मावशी, काकांना..."

"रातचे पन उठतान, होडीवर येतान, दार उघडतान. डॉक्टर बोलला, ह्या इसरना वाढनार हाय." त्यांनी पदरानं हात पुसले. "बापाला 'नाय' बोलायची प्रीतमला हिंमत नाय. तेला वाटला, जुना फ्रीज, काय चालनार नाय. म्हनून अट घातली. आनि तुमी त चालू करून दाखवलात!"

"आधी सांगायचं ना, मावशी. माझं डोकं फिरायची वेळ आलेली."

"कसा सांगू? चारचौघांत हसू करतील तेंचा." त्यांचा आवाज दबला. "फ्रीज चालला त ते मना घेऊन निघतील. आनि भर खाडीत इसरले कुठं चाललोय, त?"

महिपतला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दाराला एक कडी लावली की फ्रीज चालणार होता. ती कडी त्याच्या पिशवीतच होती.

तो आत गेला. गणूशेटचा हात फ्रीजमध्येच होता.

"जाला?"

"नाही होत, काका."

"गॅस भर. लागल तो पार्ट टाक."

"पार्टचं नाही. मलाच नाही जमलं. मी कमी पडलो."

गणूशेटच्या चेहऱ्यावर असं काही हसू फुललं, की महिपतनं मानच खाली घातली. दोष दुसऱ्या कुणाचा तरी निघाल्याचं ते सुख होतं. ते वाकून केबिनबाहेर आले आणि जाळी शिवत बसलेल्या माणसांना ओरडून म्हणाले, "अरे, बगा रे! मिस्तरी कच्चा निघाला! येला साधा फ्रीज नाय जमत!"

धक्क्यावर हशा पिकला. कुणीतरी शिट्टीही मारली. महिपत खाली मान घालून फळीवरून उतरला आणि धक्क्यावर ठेवलेली पिशवी उचलायला वळला, तर ती रंगूबाईंनी आधीच खांद्याला लावली होती.

"मावशी, जड आहे. द्या इकडे."

त्यांनी दिली नाही. लोकांच्या देखत त्या त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आल्या, आणि रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी ती पिशवी खाली टेकवली नाही.